हात थांबेल तिथे

गुरुवार, ३० ऑगस्ट

आलो एकदाचे. सामान उतरवणाऱ्यांनी कपाट उलटं ठेवलं, पाणी गरम करायचा बंब दुसऱ्याच कुणाच्या घरी नेऊन दिला आणि तो परत आणताना वर आम्हालाच दम भरला. तरी मी खूश आहे. चर्चला लागूनच दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एवढीशी बाग आणि बागेतून थेट चर्चच्या मागच्या खोलीत उघडणारं दार. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, निवृत्त झाले, आणि आता देवाच्या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला. झाडायचं, पुसायचं, खुर्च्या लावायच्या, फुलं बदलायची. पाळकसाहेब म्हणाले की कामाचा ताण असा नाहीच. मनाने चांगले वाटले, फक्त बोलताना वाक्य संपवतच नाहीत.

ह्यांची स्वारीही खुशीत आहे. चर्चच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे हे त्यांनी दारातूनच हेरलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, हाताला काम मिळालं की भूकसुद्धा विसरतो. उपासनेला मात्र यायचे नाहीत. लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं की तुझ्या देवाशी माझं भांडण नाही, फक्त ओळख नाही. एकतीस वर्षं मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते आहे आणि एकतीस वर्षं हे त्यावरून माझी चेष्टा करताहेत. तुझा अर्ज कुठल्या तरी टेबलावर अडकला असेल, म्हणतात.

शनिवार, १ सप्टेंबर

आजचं काम फार आवडलं. इथे दर रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी द्राक्षरसाचा एकेक घोट घ्यायचा. मागच्या खोलीतल्या कपाटात काचेचे इवलेसे पेले आहेत, अंगठ्याएवढे, एकशेवीस. शनिवारी दुपारी ते धुवायचे, द्राक्षरस भरायचा, गोल भोकांच्या लाकडी तबकांत लावायचे आणि वर पांढरं कापड घालायचं. किती भरायचे असं विचारलं तर पाळकसाहेब हसले. माझ्याआधी चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या मावशी आता वृद्धाश्रमात आहेत. त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावून ठेवली आहे. माणसं मोजू नये. पेले मोजू नयेत. भरत जावं, हात थांबेल तिथे थांबावं.

प्रयोगशाळेत असं कुणी लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी त्याला घरी पाठवलं असतं. पण नव्या जागी पहिल्याच दिवशी शहाणपण कशाला शिकवा? भरत गेले. एका पेल्यानंतर पुढचा उचलावासा वाटला नाही. हात भरून आला असेल. मोजायची खोड मात्र जाणार कुठे? सदुसष्ट.

रविवार, २ सप्टेंबर

तबकं परत आली तेव्हा सगळे पेले रिकामे. भरलेला एकही नाही, आणि ज्याला मिळाला नाही असंही कुणी नाही. इथल्या पद्धतीप्रमाणे शेवटचा पेला भरणारीचा, तो मी घेतला. पाळकसाहेब अभिमानाने म्हणाले की त्यांच्या वीस वर्षांत एकही पेला भरलेला परत गेला नाही आणि एकही माणूस कोरडा परत गेला नाही. इथे नावनोंदणी नाही, कुणाला अडवणं नाही. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं.

नवशिक्याचं नशीब, असं हे म्हणाले.

रविवार, ९ सप्टेंबर

काल एकाहत्तरवर हात थांबला. मला वाटलं, चार जास्त झाले, वाया जाणार. आज तिसऱ्या रांगेतल्या शिक्षिकेकडे गावाहून चार पाहुणे आले. एकाहत्तर.

घरी आल्यावर हे मला म्हणाले की तुझा चेहरा असा का, जमलं ना सगळं? तेच तर. जरा जास्तच जमलं.

घड्याळ चालू झालं. त्याला किल्ली द्यायच्या निमित्ताने हे उपासनेच्या वेळी मागच्या शिडीवर बसून असतात. दुसरं गीत चालू असताना खाली पाहिलं नाही त्यांनी, पण पायाने ठेका धरला होता. मी पाहिलं.

शनिवार, १५ सप्टेंबर

आज एक गंमत केली. एवढ्या वर्षांच्या सवयीने, प्रयोग केल्याशिवाय चैन पडेना. अडुसष्टवर हात थांबला. मग मी त्यातले तीन पेले पुन्हा बाटलीत ओतले. राहिले पासष्ट. उद्या तीन माणसं कमी पडली की माझ्या डोक्यातलं खूळ जाईल, मी मागच्या खोलीतून पळत जाऊन आणखी तीन भरीन आणि पाळकसाहेबांची माफी मागीन. वीस वर्षांचा विक्रम मोडल्याबद्दल फार तर दोन दिवस नाराज राहतील.

रविवार, १६ सप्टेंबर

कमी पडले नाहीत.

बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याची आई आले नव्हते. बाकी सगळे होते. पासष्ट माणसं, पासष्ट पेले.

बेकरीवाला म्हणजे ज्याने आम्ही आलो त्या दिवशी न सांगता गरम पाव पाठवला होता तो. आवाज एवढा मोठा की गाताना पुढच्या रांगेतली माणसं दचकतात. आज त्याच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. आजारी असतील, दुसरं काय.

गुरुवार, २० सप्टेंबर

आजारी नाहीत. पाळकसाहेब जाऊन आले. शनिवारी दुपारी त्या तिघांनी ठरवलं म्हणे, यापुढे चर्चला यायचं नाही. कुणाशी भांडण नाही, राग नाही. बेकरीवाल्याने अगदी शांतपणे सांगितलं की आपण नीट विचार केला, कुणी भरीस घातलं नाही, आपल्या मनाने आपण मोकळे होतो आहोत. शनिवारी किती वाजता, असं मी विचारलं. चारच्या सुमाराला, भट्टी विझवल्यावर.

चारच्या सुमाराला मी तीन पेले बाटलीत ओतत होते.

मी पाळकसाहेबांना सरळ विचारलं. देवाने आधीच निवडलेलं असतं, तर आपण निवडतो म्हणजे काय करतो? ते म्हणाले की दार सगळ्यांना उघडं आहे, पण आत यायची ओढसुद्धा तोच देतो, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. छान बोलले. मग मी विचारलं, एखाद्याला ओढ आहे आणि त्याच्यासाठी पेला नाही, असं झालं तर? असं कधी होत नाही, म्हणाले. ह्या वेळी वाक्य पूर्ण केलं.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळी चहा पिता पिता ह्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की मंगळवारी मला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले होते. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, ८ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरांनी फार गोड बोलून धोका सांगितला. दुसरी अशी की त्यांना आता चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायचं आहे आणि पेला घ्यायचा आहे.

घाबरून नाही म्हणाले. शिडीवर बसून ऐकत होते, कधीतरी ओळख झाली, आता ओळख दाखवली नाही तर उद्धटपणा होईल. वर म्हणाले की तुझा अर्ज मंजूर झालेला दिसतो. मी इतकी रडले की त्यांनाच माझी समजूत घालावी लागली. पाळकसाहेबांनी त्यांच्याशी तासभर बोलून त्यांचा हात हातात घेतला. येत्या रविवारपासून या, म्हणाले.

शनिवार, २२ सप्टेंबर

माणसं मोजली. येणारे कोण, ते आता मला तोंडपाठ आहे. मी धरून पासष्ट. हे धरून सहासष्ट.

हात पासष्टवर थांबला.

मी हसले. मोठ्याने हसले, स्वतःलाच. सहासष्टावा पेला उचलला आणि मुद्दाम भरला. उचलताना हात जड झाला हे खरं, पण भरला. तबकात ठेवला. वळून कापड घेते तोवर टिक असा आवाज झाला आणि पेल्याचा तळ निघून खालच्या फळीवर पडला. रस सगळा लाकडात. दुसरा घेतला. त्याला बारीक तडा होता, हळूहळू पाझरला. तिसरा घेतला, तो हातातून निसटला. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक परीक्षानळी फुटलेली नाही.

रविवार, २३ सप्टेंबर

सकाळी ह्यांना धाप लागली. चर्चच्या दोन पायऱ्या चढून खाली बसले. इस्त्रीचा सदरा अंगात तसाच. म्हणाले की तू जा, लोक खोळंबतील, पुढच्या रविवारी येतोच, पळून जात नाही मी.

पासष्ट पेले, पासष्ट माणसं. परत येईपर्यंत धाप थांबली होती. आरामात वर्तमानपत्र वाचत बसले होते.

बुधवार, २६ सप्टेंबर

बेकरीवाला गेला. भट्टीपाशी उभ्या उभ्या. पाळकसाहेब पोचले तेव्हा शुद्धीवर होता. प्रार्थना करू का विचारलं तर नको म्हणाला. हसून नको म्हणाला. त्याच्या बायकोने दारात मला विचारलं की तो असा कसा बदलला हो, एका दुपारीत? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा हात. लगेच काढला.

गुरुवार, २७ सप्टेंबर

वृद्धाश्रमात जाऊन मावशींना भेटले. खिडकीजवळची खाट, पायांवर शाल, हात मांडीवर उलटे ठेवलेले. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या की मोजलंस ना. चिठ्ठी कशासाठी लावली होती? मोजलं नाही तर नुसती सेवा असते, मोजलं की कळायला लागतं.

मी सगळं सांगितलं. त्या तीन पेल्यांचं सांगताना ओक्साबोक्शी रडले, म्हटलं की मी त्या तिघांना बाहेर काढलं. मावशी म्हणाल्या की ओतताना हात कुणाचा होता? तुला वाटलं, तू गंमत करते आहेस. ज्यांचा पेला नव्हता त्यांचाच तू ओतलास. मग माझा दोष नाही का, असं मी विचारलं. तसंही नाही, म्हणाल्या, दोष आपलाच, कारण आपल्याला करावंसं वाटलं होतं. अगदी शांतपणे बोलल्या.

त्यांचा मुलगा दहा वर्षांनी घरी परत येणार होता. पत्र आलं होतं, की आई, रविवारी तुझ्याबरोबर पेला घेईन. शनिवारी त्यांचा हात एक पेला अलीकडे थांबला. मुलगा स्टेशनवर उतरला, बाकावर बसून विचार केला आणि परतीच्या गाडीत बसला. नंतर कधी भेटला नाही.

मग काम सोडलं का नाहीत? सोडलं होतं, म्हणाल्या. एका शनिवारी कपाटाला कुलूप लावून बसल्या, एकही भरला नाही. त्या रविवारी कुणीच आलं नाही. जो तो आपापल्या चांगल्या कारणाने घरी राहिला. एक म्हातारे तर त्या रात्री तसेच गेले. पुढच्या शनिवारी मावशींनी कुलूप काढलं. हात आपला असतो, थांबणं आपलं नसतं, म्हणाल्या. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी हात शालीखाली लपवले.

शनिवार, २९ सप्टेंबर

माझा हात ना? मग ह्यांचा हात.

पासष्टवर थांबल्यावर ह्यांना हाक मारली. म्हटलं, तुमचा तुम्ही भरा. कारण सांगितलं नाही. घड्याळाच्या स्क्रूएवढ्या काळजीने भरला, थेंब सांडला नाही. तबकात ठेवला. तास झाला, फुटलेला नाही. पाझरत नाही. मी समोर बसून आहे. पाहते आहे.

रविवार, ३० सप्टेंबर

पेला सकाळपर्यंत शाबूत होता. हे माझ्या शेजारी बसले. माझा हात धरून बसले, सगळ्यांसमोर, ह्या वयात. उपदेश संपत आला होता. बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी ओरडलं. रस्त्याने जाणारा एक अनोळखी म्हातारा कोसळला होता. सगळ्यांच्या आधी उठले ते हेच. मी सदरा धरला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अगं, माणूस पडलाय. सोडला मी.

त्या म्हाताऱ्याला घेऊन हॉस्पिटलात गेले. तो वाचला.

ह्यांच्या खुर्चीवर एक प्रवासी येऊन बसला. कधी पाहिला नव्हता. गाडीला वेळ होता, गाणं ऐकून आत आला म्हणे. तबक आलं, त्याने पेला घेतला. डोळे भरून आले त्याचे. सहासष्ट माणसं. सहासष्ट.

वाईट वागून हुकलं असतं तर मी भांडले असते. हे चांगलं वागून हुकलं. कुणाशी भांडू?

मंगळवार, २ ऑक्टोबर

घरी स्टीलच्या भांड्यात द्राक्षरस दिला. वर प्रार्थना म्हटली. ह्यांनी प्यायला, मिशी पुसली. म्हणाले की छान आहे, पण हा नुसता रस आहे ना गं? मला सगळ्यांबरोबर घ्यायचाय. रविवारी घेऊ की. सोमवारी चिरफाड, रविवारी पेला, वेळापत्रक चोख आहे.

हसले. मीही हसले. स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरला.

पाळकसाहेबांना सांगितलं. ऐकून घेतलं. माझ्यासाठी प्रार्थना केली. विश्रांती घ्या, म्हणाले.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सुचलं. इतके दिवस का सुचलं नाही?

शेवटचा पेला माझा. माझा मी ह्यांना देणार. तबक येईल, मी उचलीन, ह्यांच्या हातात ठेवीन. पेला जास्त नको, फुटायचा प्रश्न नाही. मी नाही घेतला तर नाही घेतला. मी कोरडी राहीन. ह्यांच्याशिवाय आत जाऊन करू काय मी?

हे मी ठरवलं आहे. मी. कुणी भरीस घातलं नाही. आपल्या मनाने—

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे.

शनिवार, ६ ऑक्टोबर

चौसष्ट.

पुन्हा मोजले. चौसष्ट. सगळे येणार आहेत, दारोदार जाऊन विचारून आले. हे सोडून चौसष्ट आणि मी. मी पासष्टावी. पासष्टावा पेला नाही.

मी सोडायचा ठरवला, म्हणून नाही? की नव्हताच, म्हणून ठरवला? गुरुवारी ठरवलं ते कुणी—

हात उचलत नाही. डावाही नाही. लिहितो आहे तेवढा. लिहितानाही मध्येच

हे बाहेर बूट पुसताहेत. शीळ घालताहेत. दुसरं गीत.

रविवार, ७ ऑक्टोबर

मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. उपदेश चालू आहे. तबकं समोर. कापड काढलं. चौसष्ट. बाटली उजव्या हातात धरून पाहिली, पेला खाली, हात वाकला नाही. रडून झालं. विनवून झालं. पेला दगडाचा वाटतो.

दाराच्या फटीतून मोजते आहे. चौसष्ट डोकी. आणि हे. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा. शेजारची खुर्ची माझ्यासाठी. तिच्यावर रुमाल टाकून ठेवलाय, कुणी बसू नये म्हणून.

कुणीतरी उठा. कुणीतरी निघून जा. एकच. ती खोकणारी बाई. तो मागचा, पेंगणारा. शिक्षिका. कुणीही. देवा, एकाला काढ. एकाला काढ आणि

काय मागते आहे मी.

कुणी उठत नाही. सगळ्यांना थांबावंसं वाटतंय.

उपदेश संपला. शेवटचं गीत. हे उठले. नाही, बाहेर नाही, इकडे येताहेत. तबकं उचलायला मला मदत करायला. जड असतील म्हणून. उद्या छाती उघडायची आहे आणि मला जड होईल म्हणून—

दारात उभे आहेत. तबकांकडे बघताहेत. केवढे खूश. हळूच विचारताहेत, यातला माझा कोणता गं?

मी म्हटलं